साताऱ्याच्या घाटांसाठी महागडी रोड बाइक निवडताना

सायकलसाठी पाच ते दहा लाख रुपये बाजूला काढणारी माणसं आता साताऱ्यातही भेटतात. डॉक्टर आहेत, बागायतदार आहेत, एमआयडीसीत कारखाना चालवणारे आहेत. पहाटे यवतेश्वरच्या चढावर गाठ पडली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठली घेऊ?" आणि सोबत मोबाइलवर दोन-तीन मॉडेलचे फोटो.

या किमतीत वाईट सायकल सहसा मिळत नाही. आपल्याला न शोभणारी मात्र सहज गळ्यात पडते. सपाट रस्त्यावर शर्यत मारण्यासाठी घडवलेली सायकल घेऊन माणूस पसरणीच्या चढाला लागतो आणि तिसऱ्या वळणावर गुडघे धरून बसतो. म्हणून माझं ठाम मत सांगून टाकतो. कंपनीचं सर्वात वरचं मॉडेल सोडा, त्याच्या खालच्या पायरीचं घ्या, आणि वाचलेले पैसे माप, चाकं आणि देखभालीवर लावा. निवडीचा क्रम असा ठेवा: रस्ता, माप, फ्रेम, गिअर, टायर आणि चाकं. ब्रँड आणि रंग सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: आपला रस्ता कागदावर मांडा

येत्या वर्षात प्रत्यक्षात कुठे चालवणार, ते लिहून काढा. साताऱ्यातला बहुतेक सायकलस्वार तीन दिशांना जातो. समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढून कासला. बोगद्यातून बाहेर पडून परळी, सज्जनगड, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे. नाहीतर महामार्ग धरून वाईला आणि तिथून पसरणी घाटाने पाचगणी. मेढ्याकडून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठणारेही आहेत.

या सगळ्यांत सपाट रस्ता थोडा आणि चढ-उतार फार. डांबर कुठे गुळगुळीत, कुठे पावसाने उखडलेलं. पठारावर वारा आडवा लागतो. जून ते सप्टेंबर पाणी, शेवाळ आणि धुकं. तुमच्या यादीत हेच रस्ते असतील तर तुम्हाला चढाला हलकी, उताराला स्थिर आणि खराब रस्त्यावर अंग न मोडणारी सायकल हवी. बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब राइड करायच्या असतील तर आरामाचं महत्त्व आणखी वाढतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास अशी तिथली मुदत असते. इतका वेळ खोगिरावर काढायचा तर हाता-मानेला त्रास देणारी सायकल कितीही वेगवान असली तरी निरुपयोगी.

दुसरी पायरी: माप, आणि इथे घाई नको

दुकानात जाण्याआधी पुण्यात जाऊन चांगल्या फिटरकडून बाइक फिट करून घ्या. सायकल घेतल्यावर करायचं काम म्हणून ते मागे टाकू नका. फिटर तुमच्या पायाची आतली उंची, हातांची लांबी, पाठीचा लवचीकपणा आणि जुनी दुखणी बघतो, आणि तुम्हाला दोन आकडे देतो: स्टॅक आणि रीच. पेडलच्या मधल्या अक्षापासून फ्रेमचा पुढचा वरचा भाग किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. सीट वर-खाली करता येते, मागे-पुढेही थोडी सरकते, पण हे दोन आकडे फ्रेमबरोबर कायमचे येतात.

प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर मापाचा तक्ता असतो. त्यातला स्टॅक रीचने भागा. भागाकार १.४५ च्या आसपास आला तर ती शर्यतीची, पुढे झुकवणारी सायकल. १.५५ च्या आसपास आला तर बसणं सरळ आणि सैल. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस पहिल्या प्रकारावर दोन तास टिकत नाही. त्याची मान आणि तळहात आधी बोलतात. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, कारण फोटोत झुकलेली सायकलच देखणी दिसते.

कंपनीच्या ५२ किंवा मीडियम अशा लेबलावर विसंबू नका. एका कंपनीचं ५२ दुसरीचं ५४ असू शकतं. दोन मापांच्या मधे अडकलात तर बहुतेक वेळा लहान माप घ्यावं, कारण लहान सायकल थोडी वाढवता येते, मोठी लहान करता येत नाही. हँडल फारच खाली जात असेल तर मात्र मोठं माप बरं.

आणखी तीन गोष्टी फिटरकडून लिहून घ्या: क्रँकची (पेडल ज्या दांड्याला लागतं त्याची) लांबी, हँडलची रुंदी आणि सीटची रुंदी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला १७२.५ मिलिमीटरचा क्रँक बऱ्याचदा लांब पडतो. १६५ किंवा १७० वर गुडघा आणि कंबर दोन्ही सुखात राहतात. महागड्या सायकलींना हल्ली हँडल आणि त्याला फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणारा स्टेम एकाच तुकड्यात येतात. दिसायला सुंदर, पण माप चुकलं तर अख्खा तुकडा बदलावा लागतो, आत ब्रेकच्या नळ्या असतात आणि खर्च मोठा येतो. माप पक्कं झाल्याशिवाय असं हँडल घेऊ नये. दोन तुकड्यांचंच मागा.

तिसरी पायरी: फ्रेमची जात

कंपन्या रोड बाइक ढोबळमानाने तीन प्रकारांत बनवतात: वारा कापणारी एरो, चढासाठी हलकी, आणि लांब पल्ल्याची एन्ड्युरन्स. पहिल्या दोहोंतली रेघ आता पुसट झाली आहे. ट्रेकने २०२४ मध्ये एमोंडा ही हलकी सायकल मॅडोनमध्येच विलीन केली. स्पेशलाइज्डची टार्मॅक एसएल८ हलकी आहे आणि वाराही कापते. जायंटची टीसीआर, कॅननडेलची सुपरसिक्स इव्हो, मेरिडाची स्कल्टुरा, स्कॉटची अ‍ॅडिक्ट आरसी या शर्यतीच्या घराण्यातल्या. ट्रेक डोमाने, जायंट डिफाय, स्पेशलाइज्ड रूबे, कॅननडेल सिनॅप्स या लांब पल्ल्याच्या.

फरक कुठे कळतो? टायरच्या जागेत. टार्मॅक एसएल८ मध्ये ३२ मिलिमीटरपर्यंतचा टायर बसतो, डोमानेत ३८ पर्यंत. उखडलेला रस्ता आणि त्यावरची खडी ज्याने पाहिली आहे, त्याला या सहा मिलिमीटरची किंमत सांगावी लागत नाही. चाळिशीपुढच्या माणसाला मी बिनदिक्कत एन्ड्युरन्स फ्रेम सुचवतो, तीही वरच्या दर्जाच्या कार्बनची. जो तिशीत आहे, लवचीक आहे, रोज सराव करतो आणि वेळ नोंदवतो, त्याने शर्यतीची फ्रेम घ्यावी, पण ३२ चा टायर बसेल याची खात्री करून.

चौथी पायरी: गिअर, कारण खरी परीक्षा चढावर

या बजेटमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअरच घ्यावेत. शिमानो कंपनीचा १२ गिअरचा अल्टेग्रा हा संच तर फक्त इलेक्ट्रॉनिकच येतो. अल्टेग्रा आणि त्यावरचा ड्युरा-एस यांच्यात गिअर पडण्याच्या गुणवत्तेत तुम्हा-आम्हाला जाणवेल असा फरक नाही. वजनात फरक आहे तो पाव किलोच्या आसपास. खालच्या पायरीचं मॉडेल घ्या असं मी सुरुवातीला म्हणालो, त्याचं पहिलं कारण हेच. स्रॅम या दुसऱ्या गिअर कंपनीत रेड या वरच्या संचाऐवजी फोर्स, हाच हिशेब.

आता नीट बघायची गोष्ट म्हणजे दातांचे आकडे. दुकानात उभी असलेली शर्यतीची सायकल बऱ्याचदा ५२/३६ च्या पुढच्या चाकत्या आणि मागे ११-३० ची कॅसेट (मागच्या चाकत्यांचा संच) घेऊन येते. तिचा सर्वात हलका गिअर म्हणजे पुढे ३६ आणि मागे ३० दात. दहा टक्क्यांच्या चढावर मिनिटाला पेडलचे ६० फेरे मारायचे तर या गिअरमध्ये वेग सुमारे ९.२ किलोमीटर प्रतितास येतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर त्यासाठी २१० वॅटच्या आसपास ताकद लागते. तेच पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर त्याच पेडलगतीला वेग ७.७ आणि ताकद १७५ वॅटच्या आसपास. हौशी सायकलस्वाराला १७५ वॅट तासभर देणं सरावाने जमतं. २१० वॅटला त्याचा दम निघतो, मग तो पेडलगती ५० वर आणतो आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. घाट चढून आल्यावर जिना उतरताना गुडघा दुखतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

म्हणून शिमानो घेत असाल तर ५०/३४ आणि ११-३४ मागा. स्रॅममध्ये ४६/३३ आणि १०-३६ मिळतं, ज्यात सर्वात हलका गिअर पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा पूर्ण फेराही देत नाही. उतारावर वेग कमी पडेल ही भीती नको. मागची सर्वात छोटी चाकती १० दातांची असल्यामुळे ४६/१० हा गिअर ५०/११ पेक्षा किंचित जडच आहे. सज्जनगडाचा चढ, केळघर आणि वय हे तिन्ही ज्यांच्या वाट्याला आहेत, त्यांना मी स्रॅमची ही जोडी सुचवतो. दुकानदार "नंतर कॅसेट बदलून देऊ" म्हणाला तर बिलावर लिहून घ्या. नवीन सायकलवर ती बदलून मिळते, नंतर तिचे वेगळे पैसे पडतात.

बॅटरीचं सांगायचं तर, शिमानोत दोन्ही डिरेलरसाठी (साखळी एका चाकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागांसाठी) एकच बॅटरी सीटच्या नळीत असते आणि एका चार्जवर हजारेक किलोमीटर जाते. स्रॅममध्ये पुढच्या आणि मागच्या डिरेलरवर वेगवेगळ्या छोट्या बॅटऱ्या असतात, आणि मागची संपली तर पुढची काढून मागे लावता येते. बामणोलीच्या बाजूला आडरानात अडकल्यावर ही सोय मोलाची.

ब्रेक

हायड्रॉलिक डिस्क, दुसरा विचारच नको. पसरणी उतरताना कार्बनच्या कडेवर रबर घासणारे ब्रेक तापतात. डिस्कमध्ये ती काळजी राहत नाही. पुढे १६० मिलिमीटरची तबकडी असावीच. तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल तर मागेही १६०.

दोन बारीक गोष्टी कोणी सांगत नाही. आपल्याकडे मोटारसायकलला आणि स्कूटरला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आणि संकटात हात सवयीनेच चालतो. काही सायकली डाव्या हाताला पुढचा ब्रेक अशा जोडणीने येतात. जोडणी होण्याआधीच दुकानदाराला "पुढचा ब्रेक उजवीकडे" असं सांगा, कारण नळ्या फ्रेमच्या आतून गेल्यावर अदलाबदल म्हणजे सगळं उघडून पुन्हा तेल भरणं. दुसरी गोष्ट, हात लहान असतील तर ब्रेकचा दांडा बोटांपासून लांब राहतो. त्याला जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो. हँडलच्या खालच्या वळणात हात ठेवून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता येतो का, ते दुकानातच तपासा. यवतेश्वरच्या उतारावर हात तिथेच असणार आहेत.

टायर आणि चाकं

पंचवीस वर्षांपूर्वी २३ चा टायर दगडासारखा फुगवायची पद्धत होती. आता ३० ते ३२ मिलिमीटर आणि कमी हवा हेच आपल्या रस्त्यांना योग्य. सत्तर किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये ५५ ते ६० पीएसआय पुरते. खडबडीत डांबरावर फार फुगवलेला टायर उसळतो, आणि त्या उसळण्यात तुमचीच ताकद वाया जाते.

ट्यूबलेस घ्या. बाभळीचे काटे आपल्याकडे बारमाही, आणि आतलं पांढरं सीलंट बारीक भोक जागच्या जागी बुजवतं. फक्त उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, तेव्हा दर दोन महिन्यांनी टायर हलवून आवाज ऐका. आत पातळ द्रव हलल्यासारखा वाटला नाही तर नवं भरा. सोबत मोठं भोक बुजवणारे प्लग आणि प्लास्टिकची एक हलकी टीपीयू ट्यूब ठेवा, आणि टायर रिमवरून काढण्या-चढवण्याचा सराव घरीच करा. काही ट्यूबलेस टायर इतके घट्ट बसतात की घाटात पहिल्यांदा हात घालणाऱ्याची बोटं सोलतात.

चाकं विकत घेताना रिमला आतून टायर अडकवणारी कड आहे का, हे विचारा. बिनकडेच्या म्हणजे हुकलेस रिमवर हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय आहे, आणि टायरही त्या रिमसाठी मान्य असलेलाच लागतो. त्यापेक्षा जास्त हवा भरली तर टायर उडू शकतो. वजनाने भारी माणसाने किंवा अंदाजाने हवा भरायची सवय असलेल्याने कड असलेली रिमच घ्यावी. पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरवर ही चाकं नेऊ नका. आकडा दाखवणारा हातपंप घरात हवा.

रिमची खोली ३५ ते ४५ मिलिमीटर. साठच्या पुढच्या रिम फोटोत रुबाबदार, पण चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे आडव्या वाऱ्याचा झोत खोल रिमला धरतो आणि पुढचं चाक हातभर बाजूला सरकतं. शेजारून एसटी जात असेल तर ते धोक्याचं आहे.

वजनाचा हिशेब

शर्यतीत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल यूसीआय ही आंतरराष्ट्रीय सायकल संघटना चालू देत नाही, म्हणून सगळ्यांना तोच आकडा हवा असतो. हिशेब करून बघा. वाईपासून पाचगणीपर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढाई आहे. ८० किलोच्या एकूण वजनावर तुम्हाला पन्नास मिनिटं लागत असतील, तर सायकल एक किलोने हलकी झाल्यावर वाचतात तीस-पस्तीस सेकंद. त्या एका किलोसाठी दीड-दोन लाख जादा मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. साडेसात ते आठ किलोची, बरोबर गिअरची आणि अंगाला बसणारी सायकल मी सात किलोच्या अवघडलेल्या सायकलीपेक्षा केव्हाही निवडीन.

पावसाळा आणि दुरुस्ती

नव्या सायकलींत सगळ्या नळ्या हँडलमधून हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, आत जातात. पावसात पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि वरून गळणारा घाम तिथेच उतरतो. दोन पावसाळ्यांनंतर वरचं झाकण उचललं तर बेअरिंगभोवती गंजाचा तपकिरी चिखल दिसतो. पुढचं चाक हवेत धरून हँडल हळू फिरवा. ते मधेच एका जागी अडखळलं तर बेअरिंग गेली समजा. ती बदलायला काही फ्रेममध्ये ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागतात, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. दर ऑक्टोबरात हेडसेट उघडून ग्रीस भरून घ्यावं.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा अक्ष ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच, आट्यांची (बीएसए किंवा टी४७ प्रकारची) असेल तर पसंत करा. दाबून बसवलेली ब्रॅकेट चांगलीही चालते, पण धूळ आणि पाणी शिरून करकरायला लागली की ती काढायला खास हत्यारं लागतात.

ब्रेकच्या तेलाचीही चौकशी करा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, ते मागवून ठेवावं लागतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१ लागतं, ते मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, पण हवेतला ओलावा शोषतं, म्हणून वर्षाला बदलावं. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर सील खराब होतात. ब्लीड करणाऱ्याला, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून तेल बदलणाऱ्याला, हे पहिल्यांदा सांगा. पावसात पॅडही झपाट्याने झिजतात. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला.

आणि डिरेलर हँगरचा, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा, एक जादा तुकडा सायकलबरोबरच घ्या. सायकल उजव्या बाजूला पडली की हा छोटा धातूचा भाग वाकतो किंवा तुटतो. तो प्रत्येक फ्रेमचा निराळा असू शकतो, आणि मिळेपर्यंत लाखोंची सायकल भिंतीला टेकून राहते.

पैशांची वाटणी

आठ लाखांचं उदाहरण घेऊ. साडेसहा लाखांपर्यंत सायकल. उरलेल्या दीड लाखात फिटिंग, पेडल आणि बूट (या दर्जाच्या सायकली बहुधा पेडलशिवायच येतात), हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, टॉर्क रेंच, आणि पहिल्या वर्षाची देखभाल. शास्त्रशुद्ध सराव करायचा असेल तर पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारा, पेडलमधलाच पॉवर मीटर घ्या, उद्या दुसऱ्या सायकलला लावता येतो. टॉर्क रेंचला खर्च समजू नका. कार्बनच्या सीटपोस्टला किंवा हँडलला बोल्ट अंदाजाने आवळला तर भेग पडते. बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन मीटरच्या आसपासचा आकडा भागावरच छापलेला असतो, तो पाळा.

दुकानात

एका दुकानावर थांबू नका. पुण्याला जाणारच आहात तर दोन-तीन दुकानं एका दिवसात करा, आणि ट्रायल पार्किंगमध्ये फिरवून संपवू नका. बोपदेव घाटाचा चढ-उतार पुण्याजवळच आहे, डेमो सायकल असेल तर तिथे न्यायची परवानगी मागा. तासभर चालवल्याशिवाय मान आणि तळहात खरं सांगत नाहीत.

दुकानदाराला विचारायचं ते असं: फ्रेमची वॉरंटी कोण देणार, इथला वितरक की परदेशातली कंपनी? अपघातात फ्रेम तुटली तर सवलतीत बदलून मिळते का? पहिल्या दोन सर्व्हिस कुठे आणि कोण करणार? सुटे भाग किती दिवसांत येतात? वितरक बदलले की भागांची वाट बघावी लागते, म्हणून या उत्तरांना दहा हजारांच्या सवलतीपेक्षा जास्त वजन द्या. अनेक कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला आणि नोंदणी केली तरच मिळते. बिलावर फ्रेम नंबर घालून घ्या आणि नोंदणी त्याच आठवड्यात करा. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेल्या सायकलीवर ही वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

वापरलेली घेत असाल तर एक तपासणी आवर्जून करा. शिमानोने २०२३ मध्ये अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे ११ गिअरचे, जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावले, कारण आतला चिकटवलेला जोड सुटू शकतो. क्रँकच्या मागच्या बाजूला छापलेला दोन अक्षरी कोड शिमानोच्या यादीशी पडताळून पाहा. आणि फ्रेम पुसून, उन्हात नेऊन, हँडलजवळ, बॉटम ब्रॅकेटभोवती आणि मागच्या चाकाशेजारच्या नळ्यांवर रंगातली केसाएवढी रेघ शोधा. रेघ सापडली तर पारखी कारागिराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ताबा घेतल्यावर पहिल्या काही राइड जवळच्याच ठेवा. ब्रेकचे पॅड तबकडीवर बसायला वीसेक वेळा मध्यम वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबावा लागतो, तोही रिकाम्या, थोड्या उतरत्या रस्त्यावर. त्याशिवाय पसरणी उतरायला जाऊ नका. दोनेकशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट रेंचने पुन्हा तपासून घ्या, सीटची उंची पोस्टवर टेप लावून खूण करून ठेवा, आणि मग कासला निघा. कास पठारावर फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तेव्हा आठवड्यातला मधला दिवस निवडा आणि उजाडताच यवतेश्वर चढायला घ्या.